हेक्टरास हेक्टर, पण झऱ्यास काय?

वनजमीन खाणीस द्यावयाची तर बदल्यात तितकीच वनेतर जमीन वनखात्यास मिळावी, असा १९८० च्या वनसंवर्धन कायद्याखालील सर्वसाधारण दंडक आहे. धातू समाजासही हवा, हे खरे. परंतु पेण-रोह्याच्या डोंगरात झिरपणारे पाणी, कातकरी-ठाकरांचे सरपण आणि कंद यांची भरपाई परजिल्ह्यातील माळावरची रोपे कशी करणार? जंगल तेथे उगवले तरी वाडी येथे कोरडी पडेल.

२०१३ साली ओडिशात नियमगिरीच्या १२ ग्रामसभांनी बॉक्साईटच्या खाणीस नकार दिला. त्यामागे २००६ च्या वनाधिकार कायद्याचे बळ होते. पेणच्या २२ गावांत २००८ साली सेझवर मतदान झाले. तो प्रकल्प अखेर उभा राहिला नाही. तेव्हा कार्यकर्त्यांनी प्रथम वाडीवाडीतील वनहक्कांचे दावे दाखल करवावेत. अदलाबदलीची बोलणी ग्रामसभेच्या ठरावानंतरच!