बोटीला सातबारा नसतो

(स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



संयोजकांनी फोन केला तेव्हा विषय दिला होता 'सॉफ्टवेअर क्षेत्रातील संधी'. मी म्हटलं, आपली पोरंच आता आपल्याला त्यातलं शिकवतात, मी काय वेगळं सांगणार? मग कुणीतरी ग्रुपवर माझा बोटीवरचा फोटो टाकला आणि खाली प्रश्नांची रांग लागली. बोट कुणाची? भाड्याची का? झोपता कुठं? संडास कुठं? तेव्हा आज बोटीबद्दलच बोलते. आई मागच्या रांगेत बसलेली आहे. पैशाचे आकडे चारचौघांत सांगायचे नाहीत असं तिनं येताना रिक्षात बजावलंय. पण आकडे वगळून बोटीबद्दल बोलले तर तुमची निव्वळ फसवणूक होईल, म्हणून आई, आजच्या दिवस ऐकून घे.

आधी वस्तू काय ते सांगते. इंग्लंडात तिला नॅरोबोट म्हणतात. पोलादी, लांबच लांब, अरुंद बोट. माझी ५७ फूट लांब आणि ६ फूट १० इंच रुंद आहे. म्हणजे आपल्या एसटीपेक्षा रुंदीला कमी आणि लांबीला दीडपट. १७६० च्या दशकात जेम्स ब्रिंडली या इंजिनिअरनं तिकडं कालवे खणायला घेतले. चढउताराच्या जमिनीवर बोट वरखाली न्यायला दोन्ही टोकांना दरवाजे असलेली दगडी पेटी बांधतात, तिला लॉक म्हणतात. ब्रिंडलीनं लॉक सात फुटी ठेवली, म्हणून त्यात मावणाऱ्या बोटी तेवढ्याच झाल्या. आपल्याकडं कालवा म्हटलं की शेतीचं पाणी डोळ्यांपुढं येतं. खोडशीच्या बंधाऱ्यातून निघणारा कृष्णा कालवा शेतं भिजवायला काढला. तिकडचे कालवे कोळसा वाहायला काढलेले. पुढं रेल्वे आली, मग ट्रक आले. १९६२-६३ च्या कडाक्याच्या हिवाळ्यात कालवे कित्येक आठवडे गोठून राहिले आणि उरलासुरला मालवाहतुकीचा धंदाही जवळपास बसला. टॉम रोल्ट नावाच्या एका इंजिनिअरनं १९४४ साली 'नॅरो बोट' हे पुस्तक लिहिलं, दोन वर्षांनी कालवे वाचवण्यासाठी संस्था निघाली, आणि त्यामुळं आज माझ्यासारख्या हौशी लोकांना सुमारे ३,२०० किलोमीटरचे कालवे मिळालेत. मी असते मिल्टन कीन्सच्या बाजूला. तिथून ग्रँड युनियन कालवा जातो.

मी २००९ साली कंपनीकडून पुण्याहून तिकडं गेले. २०१४ ला वडील गेले. भाडं भरून भरून जीव मेटाकुटीला आला होता आणि घराच्या किमती तर विचारूच नका. कालव्याकाठी फिरायला जायची, तिथं एकीच्या छपरावर 'विकणे आहे' अशी पाटी दिसली. ४५ हजार पौंड. त्या वेळच्या भावानं चाळीसेक लाख रुपये. २०१६ च्या मार्चमध्ये मी ती घेतली. आईला फोनवर सांगितलं, 'घर घेतलं.'

खोटं नव्हतं ते. पण पुढची दोन वर्षं मी तिला एवढंच सांगत राहिले. कारण आईचं माहेर कृष्णाकाठचं. २००५ च्या महापुरात मामाच्या घरात पाणी शिरलं, धान्याची पोती कुजली, म्हशी दुसऱ्याच्या वाड्यात नेऊन बांधाव्या लागल्या. त्यानंतर आई नदीच्या पुलावरून जाताना एसटीच्या खिडकीतून बाहेर बघत नाही. तिला मी काय सांगणार, की तुझी एकुलती एक लेक रात्री पाण्यावर निजते? व्हिडिओ कॉलवर मी फक्त ओटा दाखवायची. एकदा तिनं विचारलंच, 'खिडकी गोल कशी गं?' मी म्हटलं, तिकडची फॅशन आहे.

२०१८ च्या मे महिन्यात ती आली. टॅक्सी धक्क्याजवळ थांबली. ती इकडंतिकडं घर शोधायला लागली आणि मी बोटीकडं बोट दाखवलं. अर्धा तास बाई सामानाच्या बॅगेवर बसून होती. मग पहिला प्रश्न आला, 'जागा कुणाच्या नावावर हाय?' मी म्हटलं, जागा नाहीच, नुसती बोट माझी आहे. 'म्हंजे सातबारा न्हाई?' नाही. 'उद्या इकलीस तर वाढून किती येत्याल?' वाढून येत नाहीत, दरवर्षी किंमत उतरते. घराला मिळतं तसलं स्वस्त कर्ज बँक बोटीला देत नाही. धक्क्याचं भाडं, लांबीवर ठरणारा परवाना, विमा, दर चार वर्षांनी सुरक्षेचं प्रमाणपत्र, डिझेल, कोळसा, सगळं धरून मला वर्षाला सहा-सात हजार पौंड लागतात. आईनं हे सगळं ऐकून घेतलं आणि बोटीचं नाव ठेवलं 'लांबडी'. आपल्याकडं रात्री लांबडं कशाला म्हणतात ते इथं कुणाला सांगायला नको.

आता ते संडासाचं. बाईंची क्षमा मागून सांगते. खाली एक पेटी असते, ती भरली की चाकांवर ओढत नेऊन ठरलेल्या जागी स्वतःच्या हातानं रिकामी करायची. पाण्याची टाकी तीन-चारशे लिटरची, ती संपली की अंगावर साबण असतानाच कळतं. हिवाळ्यात सोलर पॅनेल म्हणजे छपराची शोभा. कोळशाची शेगडी रात्रभर धुमसत ठेवावी लागते, म्हणून कार्बन मोनॉक्साइडचा भोंगा उशाशी. पंख्यात काय काय अडकतं! एकदा मी गार पाण्यात कोपरापर्यंत हात घालून तासभर एका गोधडीच्या चिंध्या कापत बसले होते. आणि ज्यांना लांबून फार छान वाटतं त्यांनी नोव्हेंबरात एक रविवार येऊन काढावा, पलंगाच्या मागं भिंतीला सुटलेलं पाणी पुसत.

पण मग घेतलीच का, असं विचाराल. सकाळी सहाला खिडकी उघडावी तर नाकासमोर बगळा उभा असतो. खंड्या पाण्यात सूर मारतो तो आवाजासकट ऐकू येतो. ताशी सहा किलोमीटर हा सगळ्यात जास्त वेग, काठावरून चालणारी म्हातारी माणसं आपल्याला मागं टाकून जातात आणि जाताना दोन शब्द बोलतात. पावसाचा छपरावर होणारा आवाज आपल्या जुन्या पत्र्याच्या शाळेसारखा. दिवसभर ऑफिसात जे काम करते ते कुणाला दाखवताही येत नाही. बोटीचं इंजिन दुरुस्त झालं की निदान धूर तरी निघतो.

पहिल्या रात्री आई कपड्यांसकट पलंगावर बसून राहिली. पहाटे तिनं विचारलं, 'हे पाणी जातंय कुठं?' मी म्हटलं, कुठंच नाही, हे वाहत नाही. 'खोल किती?' चार-पाच फूट. बोट बुडाली तरी आपण उभं राहायचं, डोकं बाहेर राहतं. तिनं थोडा विचार केला आणि झोपली. आठवड्याभरात शेगडीवर भाकरी सुरू झाली, बदकं ओळखीची झाली.

जूनमध्ये मी तिला फिरवायला काढलं. ब्लिसवर्थचा बोगदा १८०५ साली उघडलेला, पावणेतीन किलोमीटरहून लांब. आत अंधार, वरच्या झरोक्यांतून डोक्यावर पाणी. आई पूर्ण वेळ रामरक्षा म्हणत होती. बाहेर पडल्यावर स्टोक ब्रुअर्न गाव लागतं, तिथं कालव्याचं संग्रहालय आहे. मालवाहू बोटींवरची कुटुंबं राहायची ती खोली आम्ही पाहिली. जेमतेम दहा फूट लांब. त्यात नवराबायको, पोरं, चूल, सगळं. उरलेली बोट कोळशाला. आज इथं, उद्या तिथं, म्हणून पोरांच्या शाळेचा पत्ता नाही. आई दारात उभी राहून म्हणाली, 'आपल्या ऊसतोडीवाल्यांचं हुतंय तसंच की.' साखराळ्याच्या कारखान्याजवळच्या खोप्या तिच्याही डोळ्यांपुढं आल्या होत्या आणि माझ्याही. त्यांची पोरं आपल्या वर्गात दोन महिने यायची आणि हजेरीपटावरून नाहीशी व्हायची, आठवतं ना?

त्या गावापासून उतरणीची सात लॉक लागतात. तिथं घडलं ते मी आजवर ऑफिसात कुणाला सांगितलेलं नाही.

लॉकमधून उतरताना एकच गोष्ट सांभाळायची असते. मागच्या दरवाजाच्या तळाशी दगडी उंबरा असतो. भरलेल्या पाण्यात तो दिसत नाही. काठावर पांढरी रेघ मारलेली असते, बोटीचं मागचं टोक त्या रेघेच्या पुढंच ठेवायचं. नाहीतर पाणी उतरतं, पुढचं टोक त्याबरोबर खाली जातं, मागचं उंबऱ्यावर अडकतं आणि मिनिटभरात बोट नाकावर उभी राहून भरते. अशा बोटी बुडाल्यात, माणसं गेलीत. मला हे पाठ होतं. मी आईच्या हातात मधला दोर दिला, पुढच्या दरवाजाकडं गेले, झडपा उघडल्या, आणि खिशातला फोन वाजला. रजेच्या दिवशी. आमचं नवं व्हर्जन सकाळी लाइव्ह झालं होतं आणि काहीतरी अडलं होतं. मी पाठ फिरवून बोलायला लागले.

दोर मागं ओढायचा नाही, हे मी आईला सांगितलंच नव्हतं. पुढच्या दरवाजाकडं पाणी खळाळत होतं, तिला वाटलं बोट त्यात जाईल, म्हणून ती जीव खाऊन मागं खेचत होती. पण नजर मात्र पाण्यावरच. पाण्यावर विश्वास नसलेलं माणूस पाण्यावरून नजर काढत नाही. एकदम तिची आरोळी आली, 'अगं, म्होरलं उतराय लागलंय, मागलं उतरंना झालंय!'

फोन तिथंच टाकला. झडपा खाली पाडल्या. तोवर बोट तिरकी झाली होती, आतून भांडी पडल्याचा आवाज आला. मग मागच्या बाजूच्या झडपा अगदी थोड्या उघडून हळूहळू पाणी परत आत घेतलं. बोट उचलली गेली, उंबऱ्यावरून सुटली. माझे पाय इतके लटपटत होते की मी दरवाजाच्या तुळईवरच बसले. आई आत जाऊन भांडी गोळा करून आली आणि म्हणाली, 'त्यो फोन बंद कर आधी.' उरलेली लॉक आम्ही दोघींनी उतरवली. ती काठावर उभी, आणि दर अर्ध्या मिनिटाला ओरडून सांगायची, 'दोन्ही बाजू बराबर हाईत.'

बोटीनं मला खरा खड्ड्यात घातला तो त्याच वर्षी ऑक्टोबरात. घेताना मी बुडाची तपासणी करून घेतली नव्हती. दलाल म्हणाला, बोट उत्तम आहे, आणि चारशे-पाचशे पौंड वाचले म्हणून मी खूश. जी बाई ऑफिसात टेस्टिंगशिवाय एक ओळ पुढं जाऊ देत नाही, तिनं चाळीस लाखांची वस्तू न तपासता घेतली! बोट पाण्याबाहेर काढली तेव्हा सहा मिलिमीटरचा पत्रा काही ठिकाणी साडेतीनवर आलेला. चारच्या खाली गेलं की विमेवाले कुरकुर करतात. पोलादाऐवजी आधी झिजावेत म्हणून बुडाला मॅग्नेशियमचे ठोकळे लावतात, त्यांचे नुसते बोल्ट उरले होते.

कारण ऐकून मला रडू यायचं बाकी राहिलं. धक्क्यावरची वीज बोटीत घेतली की अर्थिंगची तार शेजारच्या सगळ्या बोटींना एकमेकींशी जोडते. वेगवेगळे धातू, मध्ये पाणी, झाला सेल तयार. सर, आठवीत तुम्ही लिंबात जस्ताची पट्टी आणि तांब्याची तार खुपसून मीटरचा काटा हलवून दाखवला होता. तोच प्रयोग माझ्या घरावर दोन वर्षं चालू होता. तारेत शंभर-सव्वाशे पौंडांचा आयसोलेटर बसवला असता, आत चार डायोड असतात, तर हा बारीक प्रवाह तिथंच थांबला असता. इंजिनिअरिंगच्या परीक्षेत मी डायोडवर पानभर लिहिलं होतं. बुडाला नवा पत्रा जोडायला सात हजार पौंड लागले. आईचं तिकीट काढून उरलेली शिल्लक त्यात गेली. हा आकडा आईला आज पहिल्यांदाच कळतोय.

मग २०१९ चा ऑगस्ट. तुम्ही तो इथं काढलात, मी तिकडं. मामाच्या गावात पुन्हा पाणी शिरलं. आई इस्लामपुरात सुखरूप होती, पण मामाचा फोन दीड दिवस लागत नव्हता. ब्रह्मनाळला बोट उलटली, त्याच्या बातम्या मी माझ्या बोटीत बसून पाहत होते. बाहेर कालव्याचं पाणी आरशासारखं स्थिर. त्या रात्री मला तिथं बसवेना, मी काठावर जाऊन गाडीत बसले. मामा सापडल्यावर आईचा फोन आला. तिनं एवढंच विचारलं, 'तुझ्या लांबडीत ती फुगणारी जाकिटं किती हाईत?' एक होतं. दुसऱ्या दिवशी मी आणखी तीन आणली.

२०२१ मध्ये मी तळमजल्यावरचा एक छोटा फ्लॅट घेतला. आईचे गुडघे बोटीच्या पायऱ्या चढत नाहीत, आणि टपालाला, डॉक्टरला, बँकेला एक पक्का पत्ता लागतो. लोक म्हणतात, आता तरी बोट विकून टाक. मी दोनदा जाहिरात लिहिली, दोन्हीदा दिली नाही. शनिवार-रविवार मी तिकडंच असते. आई येते तेव्हा लॉकवर तीच मुकादम.

तुमच्यापैकी कुणी तिकडं येणार असाल तर जरूर या, दोन माणसं निजतील एवढी जागा आहे. येताना ज्वारीचं पीठ आणा आणि न घसरणारे बूट घाला. स्वतःच घ्यायचं मनात असेल तर आधी बुडाची तपासणी, मग बाकीचं. येत्या एप्रिलात लांबडी पुन्हा पाण्याबाहेर निघणार आहे, डांबराचा हात द्यायला. पत्र्याची जाडी मोजली की मला आकडा लगेच फोनवर कळवावा लागतो. आई तो कॅलेंडरवर लिहून ठेवते, सिलिंडरच्या तारखेशेजारी. मागच्या वेळी पाच पूर्णांक आठ होता.