औंढ्याची सायकल सहल



औंढा नागनाथची सहल आठवते ना? हिंगोली तेव्हा परभणी जिल्ह्यात होती; आपला जिल्हा झाला १ मे १९९९ला. पारा आठवर असेल, तर ताशी वीसच्या वेगात अंगाला तो पाचसारखा झोंबतो, हे गणित मी पुढे शिकले. तेव्हा एवढंच कळत होतं की ब्रेकवर बोटं वळत नाहीत. डोंगराच्या चढावर घाम, उतारावर त्याच घामानं हुडहुडी. सरांनी स्वेटरच्या आत छातीशी वर्तमानपत्र घालायला लावलं. वारा थांबला!

मुलींना पाठवायला घरचे तयार नव्हते. बाई घरोघरी फिरल्या, सगळ्यांच्या मागे स्वतः सायकलवर राहिल्या. आम्ही सहाजणी गेलो. पुढच्या वर्षी वीस होत्या.

बाई, त्या दिवशी तुमचे हात उघडे होते. तुमचे हातमोजे माझ्या हातात होते.