धातूच्या पोटातील पोकळी
(हीरक महोत्सवी व्याख्यानाची संहिता)



९ मे २०२४ रोजी तमिळनाडूतील महेंद्रगिरी येथे इस्रोने पीएसएलव्हीच्या चौथ्या टप्प्याच्या इंजिनाची ६६५ सेकंद यशस्वी चाचणी घेतली. एरवी १४ भाग जोडून सिद्ध होणारे हे इंजिन त्रिमितीय मुद्रणाने एकसंध घडविले होते. त्यामुळे १९ वेल्डजोड टळले. जोड टळले म्हणजे सारी जोखीम टळली, असे मात्र नव्हे.

या पद्धतीत धातूच्या भुकटीचा, बहुधा केसाहूनही पातळ, थर पसरतात. लेसर किरण त्यातील हवा तेवढाच भाग वितळवतो. मग पुढचा थर. प्रत्येक थर खालच्या थराशी एकजीव होणे, हा या विद्येचा प्राण होय. उष्णता अपुरी पडली, तर थरांमध्ये वेड्यावाकड्या फटी राहतात. ती अति झाली, तर धातूची वाफ होऊन वितळलेल्या रसात खोल, अरुंद खळगा पडतो. तो डळमळून मिटताना तळाशी बुडबुडा सुटतो आणि रस थिजताच तेथेच कोंडला जातो. बाहेरून काहीच दिसत नाही. वारंवार ताण पडू लागला, की तडा बहुधा अशाच छिद्रापासून सुरू होतो. विमानाचा भाग असो वा रुग्णाच्या देहातील कृत्रिम सांधा, तेथे तो प्राणांवर बेततो.

तयार वस्तूचे सीटी स्कॅन करता येते. उच्च तापमान व दाब यांच्या योगाने आतील छिद्रे पुष्कळशी मिटवताही येतात. पृष्ठभागापर्यंत उघडी असलेली छिद्रे मात्र त्याने मिटत नाहीत. म्हणून खरा उपाय आधीचाच: भुकटी शुद्ध व कोरडी ठेवणे आणि लेसरची शक्ती, त्याचा वेग, ओळींमधील अंतर व थराची जाडी यांचा मेळ साधणे.

छिद्र जन्मतानाच ओळखता येईल काय, याचाही शोध चालू आहे. अमेरिकेतील आर्गोन राष्ट्रीय प्रयोगशाळेच्या प्रखर क्ष-किरणांनी शास्त्रज्ञांनी हा खळगा प्रत्यक्ष डळमळताना पाहिला. २०२३ मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या संशोधनात, उष्णता टिपणाऱ्या कॅमेऱ्यातील चकाकीच्या चढउतारांवरून छिद्राचा जन्मक्षण ओळखण्यास संगणकाला शिकविले गेले. क्ष-किरणांची चित्रे त्याची गुरू ठरली.

आच कमी पडली तर थर जुळत नाहीत, अति झाली तर आत पोकळी राहते. मुले घडविणाऱ्या शिक्षकांना व पालकांना हा हिशेब अनोळखी नसावा.