गिऱ्हाईक घर बघायला येण्याआधी

घर विकायचं ठरलं की आपण आधी रंग आणतो. जरा थांबू. पहिल्यांदा फुटकी कौलं बदलू, भिंत वाळू देऊ, मगच रंग लावू. ओलीवर लावलेल्या रंगाचे पापुद्रे सुटतात. अडगळ काढली, खिडक्या उघडल्या की खोली मोठी वाटते. आपल्याला माहीत असलेला, पण सहज न दिसणारा मोठा दोष घेणाऱ्याला सांगायलाच हवा. १८८२ चा मालमत्ता हस्तांतरण कायदा तसं सांगतो. घरपट्टीची पावती, नमुना ८ चा उतारा काढून ठेवू. त्यावर आपलंही नाव आहे का, तेही बघू. आणि व्यवहाराची बोलणी सुरू झाली, की चहा देऊन आत जायचं नाही. तिथंच बसायचं. इसार किती, कागदावर काय लिहिलंय, हे विचारायचं. घर आपणही उभं केलंय.