लेखात चित्र कसे बसवावे
(केंद्र शिक्षण परिषदेतील भाषण)



मुलांच्या पुस्तकात चित्र आणि शब्द यांची सोबत फार जुनी आहे. कोमेनियस या शिक्षणतज्ज्ञाने १६५८ साली ‘ऑर्बिस पिक्टस’ हे सचित्र पुस्तक प्रसिद्ध केले. त्यातील चित्रांतल्या वस्तूंना आकडे दिलेले असून तेच आकडे मजकुरात त्या त्या शब्दापाशी येतात. डोळा चित्रावरून शब्दावर आणि शब्दावरून पुन्हा चित्रावर जावा, अशी ही योजना आहे. आज आपण संगणकावर कृतिपत्रिका वा अहवाल तयार करतो, तेव्हाही कसोटी हीच असावी. जे चित्र शब्दाच्या कामी येत नाही, ते कागदावर केवळ जागा अडविते.

‘वर्ड’मध्ये ‘इन्सर्ट’ या सदरातून ‘पिक्चर्स’ निवडले की चित्र आत येते. ते सामान्यतः ‘इन लाइन विथ टेक्स्ट’ या स्थितीत असते. म्हणजे ओळीतील एखाद्या मोठ्या अक्षराप्रमाणे वागते आणि मजकूर सरकला की त्याबरोबर सरकते. ‘स्क्वेअर’ निवडल्यास मजकूर चित्राभोवती वळतो व चित्र हवे तेथे नेता येते. परंतु पुढे मजकुरात भर घालताना चौथ्या प्रश्नाचे चित्र पाचव्यापाशी जाऊन बसण्याचा संभव असतो. पहिलीच्या मुलाला असे चित्र भलताच शब्द शिकवील. म्हणून कृतिपत्रिकेसाठी दोन रकान्यांचा तक्ता करावा. एका घरात चित्र व शेजारच्या घरात शब्द ठेवावा. जोडी मग फुटत नाही.

चित्र लहानमोठे करताना कोपऱ्याचा ठिपका ओढावा. बाजूचा ओढल्यास लांबीरुंदीचे प्रमाण बिघडते आणि बैल मुंगुसासारखा लांबट दिसू लागतो.

आता फाइलीच्या वजनाविषयी. मोबाइलने काढलेला ४००० बाय ३००० बिंदूंचा फोटो म्हणजे १ कोटी २० लाख बिंदू. तोच कागदावर ४ इंच रुंद छापावयाचा असेल, तर दर इंची २२० बिंदूंच्या हिशेबाने ८८० बाय ६६०, म्हणजे सुमारे ५ लाख ८१ हजार बिंदू पुरतात. मूळच्या विसाव्या हिश्श्याहूनही कमी. चित्र ओढून लहान केल्याने ते फक्त लहान दिसते; बिंदूंचा भार फाइलीत तसाच राहू शकतो. त्यासाठी ‘पिक्चर फॉरमॅट’मधील ‘कॉम्प्रेस पिक्चर्स’ वापरावे. जेथे नेटवर्क क्षीण आहे, तेथे याचे महत्त्व सांगावयास नको.

आपल्या बहुतेक कृतिपत्रिका अखेर झेरॉक्स होऊन मुलांच्या हाती जातात, हेही विसरू नये. तांबडे फळ आणि हिरवे पान झेरॉक्समध्ये सारख्याच करड्या छटेचे होऊ शकतात. तेथे फोटोपेक्षा काळ्या शाईचे रेखाचित्र सरस ठरते. मुलाने स्वतः काढलेले पान वा माठ दिवसाच्या उजेडात टिपून ‘करेक्शन्स’मधून थोडे उजळ केले, तर चित्र मिळते आणि त्या मुलाचा उत्साहही वाढतो.

ज्या गोष्टीसाठी मी आज विशेष आग्रहाने बोलणार आहे, ती आता सांगतो. अहवालात आपण वर्गाचे फोटो घालतो. एखाद्या मुलाचा चेहरा, आजाराची नोंद किंवा हजेरीपटावरील नाव दिसू नये म्हणून ‘क्रॉप’ करून ती बाजू कापतो. पडद्यावर ती दिसेनाशी होते. परंतु कापलेला भाग फाइलीत दडून राहतो. फाइल ज्याच्या हाती जाईल, तो पुन्हा ‘क्रॉप’ दाबून तो भाग उघड करू शकतो. तो खरोखर काढावयाचा असेल, तर ‘कॉम्प्रेस पिक्चर्स’मध्ये ‘डिलीट क्रॉप्ड एरियाज ऑफ पिक्चर्स’ ही खूण करावी व फाइल जतन करावी. नावावर पांढरा चौकोन ठेवणे हा तर उपायच नव्हे. तो कोणीही बाजूस सारू शकतो, आणि पीडीएफ केल्यानेही खालचे चित्र नाहीसे होतेच असे नाही. सर्वांत निर्धोक मार्ग असा, की फोटो मोबाइलवरच कापावा, कापलेली प्रत नवीन म्हणून जतन करावी आणि तीच अहवालात घालावी. पालकांनी मूल आपल्या स्वाधीन केले आहे. त्याची अब्रूही त्याबरोबर आपल्या स्वाधीन झाली आहे. झाकणे म्हणजे काढणे नव्हे, एवढे सूत्र ध्यानी धरावे.

शेवटी, प्रत्येक चित्राखाली एका ओळीची मथळ्यासारखी टीप द्यावी, आणि ‘ऑल्ट टेक्स्ट’मध्ये चित्राचे वर्णन लिहावे. अंध सहकारी वा विद्यार्थी वाचक प्रणालीच्या साहाय्याने फाइल ऐकतात, तेव्हा तेच वर्णन त्यांच्यासाठी चित्र होते. ‘फोटो’ एवढेच न लिहिता ‘विहिरीवर पाणी शेंदणारी बाई’ असे लिहावे.

ही कामे बारीक आहेत खरी. पण शिक्षकाची काळजी बारीक कामांतच दिसते.