लेण्यांतले लाकूड



  परिषदेच्या अध्यक्षीय भाषणात वर्षभरातल्या संशोधनाचा आढावा घेण्याचा प्रघात आहे. तो छापील अहवालात आहे, सवडीने वाचावा. मला आज एकाच गोष्टीवर बोलायचे आहे आणि ती फार दिवस मनात तुंबली आहे.

बौद्ध वास्तुकलेचा उगम सांगताना आपण थेट दगडापासून सुरुवात करतो. जणू मौर्यकाळात कोणी छिन्नी उचलली आणि वास्तुकला जन्माला आली! अहो, छिन्नीच्या आधी करवत आणि वाकस होते. बराबर टेकडीवरच्या लोमस ऋषी लेण्याचे दार पाहा. झुकते खांब, कमान, वाशांची बाहेर आलेली टोके, जाळी. सगळे सुतारकाम, फक्त ग्रॅनाइटमध्ये. शेजारचे सुदामा लेणे अशोकाने राज्याभिषेकानंतर १२ व्या वर्षी आजीवक पंथाच्या साधूंना दिले. म्हणजे हा घाट एकट्या बौद्धांचाही नव्हता. बैराटच्या गोल चैत्यगृहात विटांच्या बांधकामात २६ अष्टकोनी लाकडी खांब होते. सांचीच्या दगडी कठड्यात आडव्या पट्ट्या (सूची) खांबांच्या खोबणीत बसवल्या आहेत. दगडाला या जोडणीची काय गरज? हाताला सवय होती, दुसरे काय!

भाज्याच्या चैत्यगृहातले खांब आत का झुकले आहेत, यावर मागे एका चर्चासत्रात तासभर खल झाला. एक म्हणाले, कारागीर नवखे होते. दुसऱ्यांना त्यात प्रतीक दिसले. नंतर मी कोकणातल्या एका म्हाताऱ्या सुतारमिस्त्रींना तिथे घेऊन गेलो. त्यांनी आधी छताकडे पाहिले. म्हणाले, "साहेब, एवढी कमान खांबांना बाहेर रेटणार. सरळ उभे केले तर फाकतील. म्हणून डोकं आत घेतलंय." डोंगरातून कोरून काढलेल्या खांबाला कोण रेटतो? कोणी नाही. लाकडाचे गणित दगडात जसेच्या तसे उतरले. माझ्यापुरता वाद तिथे मिटला. चर्चासत्राच्या इतिवृत्तात मात्र नवखेपणा आणि प्रतीक, दोन्ही दिमाखात छापले आहेत.

भाजे आणि कार्ले इथे छताच्या लाकडी फासळ्या आजही जागेवर आहेत. भाज्याच्या फासळ्यांवर ब्राह्मी लेख आहेत, पुरातत्त्वज्ञ म. न. देशपांडे यांनी ते उजेडात आणले. भाज्याचा दर्शनी भागही लाकडाचा होता, आता तो बसवण्याची भोके तेवढी उरली. "फासळ्या शोभेच्या आहेत, त्यांच्यावर भार नाही," असे मला ऐकवले जाते. मान्य! भार नसताना बसवल्या, हाच तर माझा पुरावा.

नोकरीत असताना लेण्यांच्या नोंदीचा तक्ता भरावा लागे. शिल्प, रंग, शिलालेख, दगडाची झीज, सगळ्यांना रकाने, लाकडाला नाही. मी समासात लिहीत असे आणि टंकलेखनात समास गळत असे. तक्रार केली तर वरिष्ठ म्हणाले, "किरकोळ दुरुस्तीत दाखवा." दोन हजार वर्षांचे लाकूड, किरकोळ दुरुस्ती!

कार्ल्याच्या चैत्यगृहाचे दार धेनुकाकटच्या सामी नावाच्या सुताराने केले, असा लेख तिथेच कोरलेला आहे. हे चैत्यगृह पूर्ण करवून घेणाऱ्या वैजयंतीच्या भूतपाल श्रेष्ठीचे नाव आपल्या प्रत्येक निबंधात येते. सामीचे कितींच्या येते? हात वर करायला सांगत नाही, सभेची अडचण होईल.

परिषदेने लाकडी अवशेषांची सूची करावी, लाकडाच्या जातींचाही अभ्यास व्हावा. कोणी, कसा आणि कोणत्या पैशांतून, हे कार्यकारिणी ठरवील. माझी विनंती एवढीच, की पुढच्या अधिवेशनात वाडे-देवळांचे लाकूडकाम केलेल्या एका सुताराला व्याख्यानाला बोलवा. त्यांना मंचावर बसवा आणि मानधन आपल्याइतकेच द्या.