दोन उपचारांमधील काळ : किती आणि कशासाठी?

(रुग्णालयाच्या वार्षिक सभेनिमित्त पूनम सागर, मीरा रोड येथे प्रशासकांनी केलेले भाषण)



मी वैद्यक नाही. वाणिज्य शाखेचा पदवीधर आहे. त्यामुळे औषधोपचारांविषयी अधिकारवाणीने बोलणे मला शोभणार नाही. तथापि वंध्यत्व निवारणाच्या उपचारात एक प्रश्न असा आहे की, जो डॉक्टरांच्या कक्षात विचारण्याचे राहून जाते आणि नंतर आमच्या खिडकीपाशी विचारला जातो. तो म्हणजे, "पहिल्या वेळी यश आले नाही, आता पुन्हा केव्हा यायचे?" आमच्या तज्ज्ञ डॉक्टरांकडून जे समजून घेतले, ते आपणांपुढे मांडत आहे.

या प्रश्नाला इतिहास आहे. भारतातील पहिली 'टेस्ट ट्यूब बेबी' दुर्गा ही दिनांक ३ ऑक्टोबर १९७८ रोजी कोलकाता येथे जन्मली. डॉ. सुभाष मुखोपाध्याय यांनी प्रयोगशाळेत तयार झालेले भ्रूण लगेच गर्भाशयात न सोडता ५३ दिवस गोठवून ठेवले आणि नंतरच्या नैसर्गिक मासिक चक्रात सोडले. औषधांनी उत्तेजित झालेल्या शरीरास पूर्वस्थितीवर येऊ द्यावे, हा त्यामागील विचार होता. त्यांच्या हयातीत या कार्याची उपेक्षाच झाली. पुढे दिनांक ६ ऑगस्ट १९८६ रोजी आपल्या परळच्या केईएम रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा यांच्या प्रयत्नांतून हर्षाचा जन्म झाला. त्या कार्यातील सहकारी शास्त्रज्ञ डॉ. टी. सी. आनंद कुमार यांनीच मुखोपाध्याय यांची टिपणे अभ्यासून १९९७ साली पहिलेपणाचा मान त्यांना मिळवून दिला. कोलकात्याच्या त्या ५३ दिवसांतून घेण्याजोगा बोध असा की, थांबण्यास कारण असावे आणि त्या थांबण्याला शेवटही असावा.

शरीराला किती काळ लागतो? एका आवर्तनात सुमारे दहा-बारा दिवस रोज इंजेक्शने घ्यावी लागतात. अधूनमधून सोनोग्राफी असते. सकाळी सोनोग्राफी करून चर्चगेटची लोकल गाठणाऱ्या आपल्या भागातील भगिनींना हे निराळे सांगावयास नको. या औषधांनी अंडाशय मोठे होतात. ते पूर्ववत होण्यास सर्वसाधारणपणे एक ते दोन पाळ्या पुरतात. पूर्वीच्या आवर्तनातील गोठवलेली भ्रूणे शिल्लक असतील, तर अनेक स्त्रियांना त्याहूनही लवकर पुढचा प्रयत्न करता येतो. सर्व काही ठीक असताना मुद्दाम अनेक महिने दवडल्याने यशाची शक्यता वाढते, असे अभ्यासांतून दिसलेले नाही.

काही कारणांसाठी मात्र थांबणे आवश्यकच असते. अंडाशय अतिउत्तेजित होऊन पोटात पाणी साचले असेल, तर ते पूर्ण ओसरले पाहिजे. गर्भाशयाचा वा नलिकांचा क्षयरोग निघाला, तर औषधांचा अभ्यासक्रम प्रथम पुरा करावा लागतो व तो सामान्यतः सहा महिन्यांचा असतो. थायरॉइड, मधुमेह, रक्तक्षय आटोक्यात यावे लागतात. पतीच्या बाबतीतही कारण असते. शुक्रजंतू तयार होण्यास सुमारे अडीच महिने लागतात. म्हणून आज तंबाखू सोडली, तर तिचा लाभ तपासणीत दिसण्यास तीन महिने द्यावे लागतात. हे तीन महिने पतीने पाळावयाचे असतात. पत्नीने केवळ वाट पाहावयाची, असा त्यांचा अर्थ नव्हे.

गर्भपातानंतरच्या काळाविषयी मतपरिवर्तन झाले आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००५ मधील सल्लामसलतीत किमान सहा महिने थांबण्याची शिफारस झाली होती. परंतु २०१० साली प्रसिद्ध झालेल्या स्कॉटलंडमधील मोठ्या अभ्यासात सहा महिन्यांच्या आत पुन्हा गर्भ राहिलेल्या स्त्रियांना दुसऱ्यांदा गर्भपात होण्याचे प्रमाण कमी आढळले. यास्तव शेजारणीला मिळालेला जुना सल्ला प्रमाण न मानता आपल्या डॉक्टरांना विचारावे.

आता वयाचा विचार. स्त्रीबीजांचा साठा जन्मतःच ठरलेला असतो आणि पस्तिशीनंतर तो वेगाने घटतो. २०२१ च्या सहायक पुनरुत्पादन तंत्रज्ञान कायद्याने या सेवेसाठी स्त्रीची वयोमर्यादा ५० ठेवली आहे. पण कायद्याची मर्यादा आणि निसर्गाची मर्यादा या दोन भिन्न गोष्टी आहेत. पैसा गेला तर पुन्हा मिळविता येतो. सदतिसाव्या वर्षी दवडलेले एक वर्ष कोणत्याही खात्यात परत जमा होत नाही.

आणि प्रत्यक्षात बहुतेक कुटुंबे थांबतात ती शरीरासाठी नव्हे. कोणी पितृपक्ष संपण्याची वाट पाहतात. कोणाला नणंदेचे लग्न उरकावयाचे असते. पुष्कळांना पुढच्या आवर्तनाचे पैसे साठवावयाचे असतात आणि ते सांगण्याचा संकोच वाटतो. "डॉक्टरांनीच थांबायला सांगितले आहे" असे नातेवाइकांना सांगून दोन-दोन वर्षे जातात. अशा कुटुंबांना माझी हात जोडून विनंती आहे की, आपली आर्थिक अडचण डॉक्टरांपासून व आमच्या समाजसेवा विभागापासून लपवू नका. ती कळली तर उपचारांचा क्रम त्यानुसार आखता येतो.

मनासही काळ द्यावा लागतो. अपयशाचा निरोप ऐकून आलेल्या स्त्रीला "पुढच्या महिन्यात पुन्हा करू" असे लगोलग सांगणे हेही निष्ठुरपणाचेच. दोन महिने तिला हवे असतील तर ते तिचे आहेत. उपचार कायमचे थांबविण्याचा किंवा दत्तक मार्गाने अपत्य घरी आणण्याचा निर्णय दांपत्याने विचारपूर्वक घेतला, तर तोही तितकाच सन्माननीय आहे.

या सर्वांचा विचार करून विश्वस्त मंडळापुढे दोन सूचना ठेवीत आहे. पहिली, अयशस्वी आवर्तनानंतर प्रत्येक दांपत्यास मराठी, हिंदी वा गुजरातीत एक कागद द्यावा; त्यावर थांबण्याचे कारण, पुढील भेटीची तारीख आणि दरम्यान करावयाच्या गोष्टी लिहिलेल्या असाव्यात. दुसरी, केवळ पैशाअभावी थांबलेल्या आणि ज्यांचे वय फार थांबू देत नाही, अशा स्त्रियांसाठी स्वतंत्र साहाय्य निधी उभारावा. गोवा शासनाने २०२३ साली गोवा वैद्यकीय महाविद्यालयात मोफत आयव्हीएफ सेवा सुरू केली. आपली शक्ती शासनाएवढी नाही. परंतु केईएमशी संलग्न असलेले महाविद्यालयही १९२६ मध्ये सेठ गोरधनदास सुंदरदास यांच्या नावे मिळालेल्या देणगीतूनच उभे राहिले, हे आपण जाणता.

देणगीदार बंधू-भगिनींनो, औषधाचा किंवा यंत्राचा खर्च आपण नेहमीच उचलता. या वर्षी एखाद्या कुटुंबाचे वाया जाणारे वर्ष वाचविण्यास हातभार लावावा, अशी नम्र प्रार्थना करून मी आपली रजा घेतो.